रक्तातली शिस्त आणि उशिराची गाडी

"त्यांच्या रक्तातच असते रे शिस्त!" पुण्याला गेलो की काका हे एकदा तरी ऐकवतातच. मी जर्मनीत श्टुटगार्टला राहतो, म्हणजे रोज त्या शिस्तीचं दर्शन घेत असणार, अशी त्यांची समजूत. यंदा मी त्यांना एक आकडा सांगितला. 2024 मध्ये जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी वेळेवर धावल्या जेमतेम 62.5 टक्के. त्यातही सहा मिनिटांच्या आतला उशीर हा उशीर नव्हेच. आणि रद्द झालेली गाडी तर हिशेबातच नाही. जी आलीच नाही ती उशिरा कशी येईल?

"मग आपली लोकल काय वाईट आहे!" काका म्हणाले.

शेजारी स्वित्झर्लंडमध्ये तीन मिनिटांची मोजपट्टी लावूनही 93 टक्क्यांच्या वर गाड्या वेळेवर असतात. उशिरा आलेली जर्मन गाडी ते कधीकधी सीमेवरच्या बाझेललाच थांबवतात आणि प्रवाशांना स्वतःच्या गाडीत बसवतात, उगाच आपलं वेळापत्रक नासायला नको. आता बाझेलच्या दोन्ही बाजूंना बोली जर्मनच. मग रक्त काय सीमेवर बदलतं? बदलतो तो रुळांवर केलेला खर्च. 1994 साली पूर्व आणि पश्चिम जर्मनीची रेल्वे एकत्र करून कंपनी केली. पुढे ती शेअर बाजारात उतरवायचं ठरलं, आणि काटकसरीत जादा रूळ, सांधे उखडले गेले. 2008च्या मंदीत शेअरविक्री बारगळली, उखडलेले रूळ मात्र परत आले नाहीत. कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या जमान्यातल्या काही सिग्नल केबिन अजून चालू आहेत! आमच्या श्टुटगार्टचं नवं स्टेशन 2019ला उघडणार होतं. असो.

आणि हे 'रक्त' आहे तरी किती जुनं? 1876च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात फ्रान्झ रॉयलो या जर्मन इंजिनियरनेच आपल्या देशाचा माल स्वस्त आणि टुकार असल्याचं लिहिलं होतं. 1887 साली ब्रिटनने कायदा करून परदेशी मालावर देशाचं नाव छापायला लावलं, ते गिऱ्हाइकाने जर्मन मालापासून सावध राहावं म्हणून. 'मेड इन जर्मनी' ही मुळात बदनामीची चिठ्ठी होती.

ग्रीक लोकांचं उलटं. 2010च्या कर्जसंकटात त्यांच्यावर 'आळशी' असा शिक्का बसला. प्रत्यक्षात ग्रीक माणूस वर्षाला सरासरी 1,900 तासांच्या आसपास राबतो, जर्मन साधारण 1,340. जर्मनीत अर्धवेळ नोकऱ्या खूप, ग्रीसमध्ये घरची दुकानं आणि शेती, त्यामुळे ही तुलना सरळ नाही, हे कबूल. पण आळस त्यात कुठे दिसतो, ते मला कोणी दाखवावं.

मग स्वभाव वगैरे सगळं थोतांड? तसंही म्हणवत नाही. आमच्या इमारतीत 'केऱवोखऽ' असते, म्हणजे जिना झाडायची आठवड्याची पाळी. दाराला पाटी लटकली की पाळी तुमची. पहिल्या वर्षी मी विसरलो. समोरच्या आजी एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त झाडू माझ्या दाराला टेकवून गेल्या. त्यानंतर आजतागायत विसरलेलो नाही. पुण्यात आमच्या सोसायटीचा जिना मी जन्मात झाडला नव्हता! रक्त तर तेच आहे. हॅम्बुर्गचा सहकारी मात्र हे ऐकून हसतो. त्याच्या मते हे खास आमच्या श्टुटगार्टकडच्या श्वाबेन प्रांताचं खूळ, आणि इथले लोक चिक्कूही. नागपूरची माझी सासुरवाडी पुणेकरांबद्दल बोलते ना, अगदी तोच सूर.

काकांना हे सगळं सांगून झालं. वर हेही सांगितलं, की महत्त्वाचं काम असलं की इथले लोक हल्ली सरळ आधीची गाडी पकडतात.

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे शेवटी वेळेवर पोचतातच ना? बघ, मी म्हटलं नव्हतं? रक्तातच असतं!"