कपलरमधली पिन ओढायची नसते

सध्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. गाडीत नवा स्टिरिओ बसवताना कपलरमधली, म्हणजे वायरी एकमेकांना जोडणाऱ्या प्लास्टिकच्या सॉकेटमधली, वायरीच्या टोकाची पिन काढायची असेल तर 'पक्कडीने वायर मागून जोरात ओढा. नाही आली तर कापून टेप मारा. बॅटरी काढायची गरज नाही, १२ व्होल्टचा शॉक लागत नाही. रंगाला रंग जोडला की झालं.' मी सोलापुरात होटगी रोडला गाड्यांचं वायरिंग करतो. हा मेसेज वाचून घरीच डॅशबोर्ड उघडलेल्या दोन गाड्या या उन्हाळ्यात माझ्याकडे आल्या, म्हणून त्यातल्या प्रत्येक वाक्याचं उत्तर देतोय.

'जोरात ओढा.' पिन नुसती घट्ट बसलेली नसते, ती अडकवलेली असते. तिच्या अंगाला पत्र्याची बारीक जीभ असते. पिन आत गेली की ही जीभ उघडते आणि प्लास्टिकच्या खाचेला अडते. गवताचं कुसळ कपड्यात शिरलं की मागे ओढल्यावर जास्तच रुततं, तसंच इथे होतं. जोर लावला की एकतर वायर पिनेतून सुटून हातात येते, नाहीतर खाच तुटते. खाच तुटली की कपलर लावताना पिन मागे सरकते आणि खड्ड्यात गाडी आदळली की एका बाजूचा आवाज जातो.

काही कपलरना वेगळ्या रंगाची एक लॉकपट्टी असते. ती आधी सरकवा. मग वायर ओढायच्या ऐवजी किंचित पुढे ढकला, म्हणजे जिभेवरचा ताण जातो. आता कपलरच्या तोंडाकडून, जीभ असलेल्या बाजूने, घड्याळजीचा बारीक चपटा स्क्रूड्रायव्हर घालून ती दाबा आणि वायर दोन बोटांनी मागे घ्या. जोर लावावा लागतोय म्हणजे जीभ अजून दाबली गेलेली नाही. काही कपलरमध्ये जीभ पिनेला नसून प्लास्टिकलाच असते. तिथे ती अलगद उचलायची. म्हणून आधी मोबाईलच्या टॉर्चने आत नीट बघा. पिन पुन्हा बसवताना चेपलेली जीभ थोडी बाहेर काढा, 'टक्' ऐका आणि हलकेच मागे ओढून खात्री करा.

'शॉक लागत नाही.' खरं आहे, पण धोका शॉकचा नाहीच. स्टिरिओच्या पिवळ्या वायरला जोडलेल्या पिनेत चावी काढल्यावरही करंट असतो. हातातला स्क्रूड्रायव्हर एकाच वेळी ती पिन आणि डॅशबोर्डमागची लोखंडी पट्टी यांना लागला की शॉर्ट. फ्यूज बरोबर असेल तर फ्यूज उडेल. फ्यूजच्या जागी कुणी तार गुंडाळली असेल तर वायरिंग जळेल, कारण गाडीची बॅटरी क्षणात शेकडो अँपियर देऊ शकते. म्हणून पिनेला हात लावण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा, बहुतेक गाड्यांत ते १० नंबरच्या पान्याने निघतं. काही कंपनी-स्टिरिओ नंतर कोड मागतात, तेवढा आधी शोधून ठेवा.

'कापून टेप मारा.' आपल्या गावात यंत्रमागावर तुटलेला धागा गाठ मारून लगेच चालू करतात, त्यामुळे 'जोडून टाक' हे आपल्या हाताला सवयीचं. सुताची गाठ ताण पेलते. पिळलेली तांब्याची तार गाडीच्या हादऱ्यांनी सैल होते, काळी पडते आणि नेमकी तिथेच तापते. त्यात मे महिन्यात इथे पारा चाळिशीपार, उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याहून तापलेला. टेपचा डिंक पाघळतो आणि जोड उघडा पडतो. पिनच जळलेली असेल तर कापणं भाग आहे, पण मग सोल्डर करून वर हीट श्रिंक नळी (गरम केल्यावर आवळून बसणारी) चढवा.

'रंगाला रंग.' पिवळी कायम करंटची, लाल चावी फिरवल्यावरच करंट येणारी, काळी अर्थची, हे रंग बाजारातल्या स्टिरिओचे. गाडीच्या मूळ वायरी प्रत्येक कंपनी आपल्या रंगाने घालते. बऱ्याच गाड्यांत असणाऱ्या ठरावीक मापाच्या आयएसओ कपलरमध्येही ४ नंबरच्या पिनेवर कायमचा आणि ७ नंबरवर चावीचा करंट असायला हवा, पण फोक्सवॅगन समूहाच्या बऱ्याच गाड्यांत हे दोन उलटे असतात. मग गाडी बंद केली की स्टिरिओ वेळ आणि स्टेशनं विसरतो. म्हणून बॅटरी काढण्याआधी मल्टिमीटरने गाडीकडचा कपलर मोजा. चावी काढूनही १२ व्होल्ट दिसणाऱ्या घरासमोर (घर म्हणजे पिन बसायची जागा) स्टिरिओची पिवळी, चावी फिरवल्यावरच दिसणाऱ्या घरासमोर लाल. उलटं निघालं तर स्टिरिओकडच्या कपलरमधल्या या दोन पिना जीभ दाबून काढायच्या आणि जागा बदलून बसवायच्या. दहा मिनिटांचं काम आहे आणि एकही वायर कापावी लागत नाही.