लिंकनचं ते पत्र लिंकनचं नाही

शिक्षक दिन जवळ आला की अब्राहम लिंकन यांनी मुलाच्या मुख्याध्यापकांना लिहिलेलं म्हणून ते पत्र पुन्हा फिरू लागतं. आपल्याकडे कितीतरी शाळांच्या भिंतींवर ते लावलेलं असतं. लिंकनच्या समग्र लेखनाचे खंड १९५३ मध्ये निघाले. त्यांत हे पत्र नाही.

‘राष्ट्राध्यक्ष असताना लिहिलं,’ असं सांगतात. पण कोणत्या मुलासाठी? चार मुलांपैकी एडी १८५० मध्येच गेला होता. १८६१ मध्ये लिंकननी पदभार घेतला, तेव्हा थोरला रॉबर्ट हार्वर्डला शिकत होता. विली आणि टॅड यांना शिकवायला शिक्षक व्हाइट हाउसमध्येच येत. फेब्रुवारी १८६२ मध्ये अकरा वर्षांचा विली तापानं गेला. उरला टॅड. त्याचे उच्चार स्पष्ट नव्हते, अभ्यासात मन लागत नसे आणि वडिलांनी कधी त्याच्यामागे धोशा लावला नाही. एप्रिल १८६५ मध्ये लिंकनची हत्या झाली, तेव्हा बारा वर्षांच्या टॅडला धड वाचताही येत नव्हतं. यात मुख्याध्यापक कुठे आले?

‘मग आधीचं असेल.’ रॉबर्ट १८५९ मध्ये एक्झिटरच्या शाळेत गेला, तेव्हा सोळा वर्षांचा होता. पत्रातलं मूल मात्र जगाची पहिली ओळख करून द्यावी एवढं लहान आहे.

‘खोटं असलं तरी विचार चांगले आहेत ना?’ मला याचंच सर्वांत वाईट वाटतं, कारण या पत्राखाली खरी पत्रं झाकली जातात. जुलै १८६० मध्ये, निवडणुकीच्या धामधुमीत, लिंकननी रॉबर्टच्या मित्राला धीर देणारं पत्र लिहिलं. हार्वर्डचा प्रवेश हुकल्यानं तो पोरगा खचला होता.

आणि १९ जानेवारी १८६५ चं, आपल्या सैन्याचे सरसेनापती जनरल ग्रँटना लिहिलेलं पत्र तर प्रत्येकानं वाचावं. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं आणि १८६३ च्या कायद्यानं इतरांची मुलं सक्तीनं सैन्यात नेली जात होती. रॉबर्टला युद्ध संपण्याआधी ते पाहायचं होतं. त्याला साधा शिपाई म्हणून पाठवायला वडिलांचं मन धजत नव्हतं. आधीपासून लढणाऱ्यांचा हक्क डावलून त्याला अधिकारपद द्यायचं, हेही पटत नव्हतं. म्हणून त्यांनी विचारलं, तुमच्या हाताखाली नावापुरतं एखादं पद देता येईल का? खर्च सरकार नाही, मी करीन. मी राष्ट्राध्यक्ष नसून फक्त मित्र आहे असं समजून उत्तर द्या, आणि अडचण असेल तर निःसंकोच नाही म्हणा.