सप्टेंबरात 'अंबर' नाही

दर सप्टेंबरला तोच मेसेज फिरत येतो: सप्त-अंबर, अष्ट-अंबर, नव-अंबर, दश-अंबर, म्हणजे सप्टेंबर ते डिसेंबर ही नावं संस्कृत. ऐकायला झकास, पण खरं नाही.

नावं लॅटिन आहेत. सेप्टेम, ऑक्टो, नोव्हेम, डेकेम म्हणजे सात, आठ, नऊ, दहा. गंमत त्या 'म'ची आहे. सप्टेंबर, नोव्हेंबर, डिसेंबर यांतला अनुस्वार मुळात आकड्याचाच 'म'. 'ऑक्टो'त तो नाही, म्हणून ऑक्टोबरातही नाही. शेपूट 'अंबर' असतं तर 'ऑक्टंबर' म्हणायला लागलं असतं! शिवाय अंबर म्हणजे आकाश किंवा वस्त्र. महिन्याला संस्कृतात मास म्हणतात.

लॅटिनमध्ये ही नावं मुळात विशेषणं. 'मेन्सिस सेप्टेंबर' म्हणजे सातवा महिना.

सप्त-सेप्टेम, मास-मेन्सिस यांतलं साम्य मात्र खरं आहे. दोन्ही भाषा एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या, म्हणजे चुलत बहिणी. एक दुसरीची आई नव्हे.

मेसेजची दुसरी थापही तिथेच: जुलै-ऑगस्ट मध्ये घुसवले म्हणून सातवा महिना नववा झाला. ते महिने आधीपासून होतेच, क्विन्टिलिस आणि सेक्स्टिलिस, म्हणजे पाचवा आणि सहावा. इ.स.पू. 44 आणि इ.स.पू. 8 मध्ये फक्त नावं बदलली. जुनं रोमन वर्ष मार्चपासून मोजलं जाई. जानेवारी-फेब्रुवारी वर्षाच्या सुरुवातीला आले आणि गणित दोनाने सरकलं.