फ्लेक्सवर कुणाचं डोकं मोठं?

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला सात ग्रुपवर आला. त्यातला एक तर चुलत्यांनी गावाकडच्या भावकीच्या ग्रुपवर टाकलेला. मजकूर थोडक्यात असा: नेत्याला अहंकार हवाच. अहंकारी माणूस आतून पक्का असतो. पश्चिम महाराष्ट्रातले पुढारी ताठ राहिले म्हणून त्यांनी पाणी नेलं, आपले नमले म्हणून मराठवाडा कोरडा. आणि उलट बोलणाऱ्याला वेळीच ठेचलं नाही तर तो डोक्यावर बसतो. दाखल्याला खाली माजी मुख्यमंत्री शंकरराव चव्हाणांचा फोटो.

मी लातुरात बारा वर्षं फ्लेक्स छापले. पुढाऱ्यांचा अहंकार मी फुटा-इंचांत मोजलेला आहे, तेव्हा यावर बोलायचा थोडा हक्क मलाही आहे.

आधी ‘आतून पक्का’ हे घेऊ. एका साहेबांचा वाढदिवस होता, वीस बाय दहाचा फ्लेक्स. मधोमध साहेब, वर श्रेष्ठींचे गोल फोटो, खाली शुभेच्छुकांची रांग. रांगेत एक तरुण जिल्हा परिषद सदस्य होता. त्याच्या गटात कामं झालेली, लोकांत नाव चांगलं. रात्री साडेदहाला पीए दुकानात आला आणि मशीन बंद करायला लावली. म्हणाला, “भाऊ, ह्याचं डोकं साहेबांच्या खांद्याला लागायलंय.” मी फोटो बारीक केला. तो त्यानं मोबाईलवर पाठवला, तिकडून उत्तर आलं, अजून बारीक. तिसऱ्या वेळी साहेब स्वतः फोनवर आले. “त्याचा हसरा फोटो काढ, दुसरा टाक.” शेवटी पोरगा पासपोर्ट साइज होऊन बावीस जणांच्या गर्दीत कोपऱ्याला गेला. पुढच्या वेळी त्याचं तिकीटही गेलं, ते साहेबांच्या मेहुण्याला मिळालं आणि मेहुणा पडला. त्या गटातला पाणंद रस्ता तेव्हा जिथं थांबला तिथंच आहे. दणक्यात निवडून आलेला माणूस रात्री बाराला दुसऱ्याच्या हसण्यानं अस्वस्थ होत असेल, तर त्याला पक्का म्हणायचं कसं?

हे आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत रिचर्ड निक्सन १९७२ च्या नोव्हेंबरात ५० पैकी ४९ राज्यं जिंकले. एवढं ज्याच्या पदरात पडणार होतं, त्याच्या माणसांनी त्याच वर्षी जूनमध्ये विरोधी पक्षाच्या कचेरीत चोरून शिरायचा उद्योग केला. ते झाकता झाकता १९७४ च्या ऑगस्टमध्ये राजीनामा द्यावा लागला. हरण्याची भीती जिंकणाऱ्यालाच जास्त छळते की काय, कोण जाणे.

आता शंकरराव. मेसेजवाल्यानं फोटो चांगला निवडला, पण चुकीच्या बाजूनं लावला. शंकरराव करडे होते, लोक त्यांना हेडमास्तर म्हणायचे, हे खरं. जायकवाडीसाठी ते अडून राहिले हेही खरं. १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन, तेव्हा शंकररावच मुख्यमंत्री होते. पण ते अडले ते धरणासाठी. स्वतःच्या खुर्चीच्या उंचीबद्दल काय? १९७५ ते ७७ मध्ये शरद पवार त्यांच्या मंत्रिमंडळात मंत्री होते. १९७८ ला पवार ३८ व्या वर्षी मुख्यमंत्री झाले आणि माजी मुख्यमंत्री असलेले, वयानं वीस वर्षांनी मोठे शंकरराव त्यांच्या हाताखाली मंत्री म्हणून बसले. त्यामागे १९७७ ला त्यांच्या जागी मुख्यमंत्री झालेल्या वसंतदादा पाटलांवरचा राग अजिबात नव्हता, असं मी म्हणत नाही. राजकारणी माणूस, त्यांचेही हिशोब असणारच. पण कालच्या कनिष्ठासमोर फाईल घेऊन जायला जी छाती लागते, ती फ्लेक्सवर मावत नाही. दहा वर्षांच्या आत ते पुन्हा मुख्यमंत्री झाले, नंतर देशाचे गृहमंत्री. कमीपणा घेतल्यानं कमी झाले असं दिसत नाही.

पाण्याचा मुद्दा लवकर उरकतो. टंचाईच्या वर्षी वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सुटतं ते कुणाच्या मिशीला पीळ दिल्यानं नाही. राज्याच्या २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यात समन्यायी वाटपाची तरतूद आहे, कुठल्या धरणातून किती सोडायचं याचं मेंढेगिरी समितीनं मांडलेलं सूत्र आहे, आणि त्यासाठी आपल्याच लोकांनी वर्षानुवर्षं हायकोर्टात घातलेल्या चकरा आहेत. कागद वाचणारी, आकडे पाठ असलेली माणसं होती ती. त्यांचे फ्लेक्स मला कधी छापावे लागले नाहीत. उलट २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा ते टाकीत पडायच्या आत माझ्याकडे आभाराच्या दोन ऑर्डरी होत्या, दोन वेगवेगळ्या गटांच्या.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र मी मान्य करतो. अमेरिकेच्या ४२ राष्ट्राध्यक्षांवर २०१३ ला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्यात ‘मी’पणाचा डौल जास्त, ते लोकांना पटवण्यात आणि संकट हाताळण्यात सरस ठरले. इथवर मेसेजवाला बरोबर. पण त्याच अभ्यासात महाभियोगाचे ठराव आणि नीतीला सोडून केलेली कामंही त्यांच्याच खात्यावर जास्त निघाली. मेसेजवाल्यानं नाण्याची एकच बाजू घासून चकचकीत केली आहे.

राहिला ‘ठेचण्याचा’ सल्ला, आणि मला सगळ्यात घातक वाटतो तो हाच. नॅथनेल फास्ट आणि सहकाऱ्यांनी २०१४ ला कंपन्यांतल्या साहेबांबद्दल दाखवलं, की ज्याला स्वतःच्या कुवतीची शंका असते तो हाताखालच्यांना सल्ला कमी विचारतो आणि बोलणाऱ्याला खाली ओढतो. बोलणारं कुणी जवळ नसलं की काय होतं, त्यावरून मला विलासराव देशमुख आठवले. मनमोकळा, हजरजबाबी माणूस, आमच्या लातूरचा लाडका. २६/११ नंतर ते ताजची पाहणी करायला गेले, सोबत अभिनेता मुलगा आणि सिनेमाचा दिग्दर्शक. काही दिवसांत मुख्यमंत्रिपद गेलं. निघताना “साहेब, आज ह्यांना सोबत नको” एवढं म्हणणारा एक माणूस गाडीजवळ असता तर? विलासरावांनी ऐकलंही असतं, असं मला वाटतं. पण अशी माणसं ऐन वेळी उगवत नसतात. त्यांना आधी चार वेळा बोलू द्यावं लागतं, आणि बोलल्यावर त्यांचा फोटो आहे त्याच आकारात ठेवावा लागतो.