सुपरनोव्हांचे तेज आणि विश्वाचे प्रसरण: एक खुलासा

'सगळे सुपरनोव्हा (ताऱ्यांचे प्रचंड स्फोट) सारख्या तेजाचे नसतात, त्यामुळे विश्वाच्या प्रसरणाचा निष्कर्ष खोटा ठरला' अशा आशयाचा संदेश सध्या फिरत आहे. त्याला माझ्याच जुन्या टिपणातले एक वाक्य जोडलेले असल्याने हा खुलासा करणे भाग आहे. 'प्रकार १अ चे सर्व सुपरनोव्हा अगदी एकसारखे तेजस्वी असतात' असे मी लिहिले होते. ते चुकीचे होते.

श्वेत बटू ताऱ्याच्या (इंधन संपून आकसलेल्या ताऱ्याच्या) स्फोटातून घडणाऱ्या या सुपरनोव्हांच्या तेजात फरक असतो, हे खगोलशास्त्रज्ञांना जुनेच ठाऊक आहे. जो अधिक तेजस्वी, तो अधिक सावकाश मंदावतो, हे खगोलशास्त्रज्ञ मार्क फिलिप्स यांनी १९९३ मध्ये दाखवले. म्हणून कमाल तेजानंतरच्या १५ दिवसांत निळा प्रकाश किती उतरला हे मोजून मूळ तेज ठरवतात आणि दिसणाऱ्या तेजाशी त्याची तुलना करून अंतर काढतात. (मधल्या धुळीचा परिणामही रंगावरून वजा केला जातो.)

शिवाय प्रसरणाचा शोध सुपरनोव्हांवर उभाच नाही. तो १९२९ च्या खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांच्या निरीक्षणांपर्यंत मागे जातो. १९९८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी सुपरनोव्हांवरून दाखवले, ते प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे. उलट, ज्याच्या प्रकाशलहरी प्रसरणामुळे दुप्पट ताणल्या गेल्या आहेत अशा दूरच्या सुपरनोव्हाला, जवळचा २० दिवसांत जेवढा मंदावतो तेवढे मंदावायला ४० दिवस लागलेले दिसतात, आणि हा प्रसरणाचाच पुरावा आहे.

मूळ टिपण मी दुरुस्त केले आहे. तो संदेश कृपया पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास तिथेच हा खुलासाही द्यावा.