"नुसता मीटर लावून बसला होता" या तक्रारीबद्दल

नमस्कार साहेब. आमच्या गॅरेजबद्दलचा तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. दोन दिवस गाडीविना काढावे लागले, मांजलपूरहून रिक्षाने ये-जा करावी लागली, त्याबद्दल दिलगीर आहोत. पण तुम्ही लिहिलंय, "एक वायर काढायचे १,८०० रुपये घेतले, गाडी दोन दिवस अडवली, माणूस नुसता मीटर लावून बसला होता. मराठी माणूस म्हणून विश्वासाने गेलो होतो." शेवटचं वाक्य सोडून देतो, बडोद्यातल्या सगळ्यांच्याच गाड्या आमच्याकडे येतात. पैशांचंही एक वेळ समजू शकतो. "नुसता बसला होता" हे मात्र फार लागलं.

बाकी वाचणाऱ्यांना सांगतो. साहेबांनी आपली इलेक्ट्रिक कार शुक्रवारी सोसायटीत लावली, नाशिकला लग्नाला गेले आणि सोमवारी परत आले तर दारही उघडेना. मोठ्या बॅटरीत चार्ज भरपूर होता, पण दारांची लॉकं, डिस्प्ले, कंट्रोलर आणि मोठी बॅटरी गाडीला जोडणारे काँटॅक्टर हे सगळं चालतं १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर. ती बसली की मोठीतला चार्ज असून नसल्यासारखा. ही छोटी बॅटरी त्यांनी आधी दुसरीकडे एकदा बदलूनही घेतली होती. नवीसुद्धा का बसते, हे तिथे कोणी पाहिलं नाही.

आता त्या मीटरचं. उभी गाडी करंट किती खाते हे मोजायचं तर गाडी आधी पूर्ण झोपावी लागते. लॉक केल्यावर आतले कंट्रोलर एकेक करून बंद होत जातात, त्याला अर्धा-पाऊण तास सहज लागतो, काही गाड्यांना त्याहून जास्त. त्यानंतर क्लॅम्प मीटरवर ५० मिलिअँपियरच्या आतबाहेर दिसलं तर ठीक. मध्ये कोणी दार उघडलं, किल्ली जवळ आणली किंवा फोनवरच्या अ‍ॅपमधून चार्ज बघितला, की गाडी जागी होते, रीडिंग चार-पाच अँपियरवर उडतं आणि पुन्हा पहिल्यापासून. उपाशीपोटी रक्त द्यायचं आणि मधेच चहा घ्यायचा, तसं ते होतं.

साहेब, रागावू नका, पण पहिल्या दिवशी हेच चाललं होतं. सकाळचा वेळ बॅटरी चार्ज करून तपासण्यात गेला, कारण बसलेल्या बॅटरीवर घेतलेल्या रीडिंगला अर्थ नसतो. (बॅटरी चांगली निघाली. नवी विकली असती तर आमचा फायदाच होता.) दुपारी गाडी झोपायला ठेवली, किल्ली लांब ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. तरी रीडिंग राहून राहून उडत होतं. आमच्या पोराने फोन करून विचारलं तेव्हा तुम्हीच म्हणालात, "अ‍ॅपवर बघतोय, काम सुरू झालं की नाही." संध्याकाळी वहिनींसोबत येऊन डिकीतली छत्री काढून नेलीत. गाडी तुमची आहे, नाही कसं म्हणणार? पण ती तपासणी तिथेच संपली.

रात्रभर कोणी हात लावला नाही, तेव्हा खरा आकडा मिळाला. ०.६ अँपियर, म्हणजे ६०० मिलिअँपियर. म्हणजे दिवसाला १४ अँपियर-अवर. चाळीस अँपियर-अवरची बॅटरी तीन दिवससुद्धा टिकणार नाही, शुक्रवार ते सोमवारचा हिशेब तिथेच जुळला.

पेट्रोल गाडीत एकेक फ्यूज काढून बघायची सवय असते. इथे फ्यूज काढून परत लावला की कंट्रोलर जागा होतो, म्हणून फ्यूज जागेवर ठेवून त्याच्या डोक्यावरच्या दोन बारीक उघड्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजावे लागतात; काही दिसलं तर त्या फ्यूजमधून करंट जातोय. सगळे फ्यूज मोजले, कुठेच काही नाही. म्हणजे करंट फ्यूजबॉक्सला वळसा घालून जात होता. थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून निघालेली जादा वायर धरत गेलो तर डिकीच्या पॅनलमागे म्युझिकचा अँप्लिफायर. त्याला चालू-बंद करणारी रिमोट वायर कायम चालू सप्लायला जोडलेली, म्हणून गाडी बंद केली तरी तो चालूच. गाडी कामाला घेताना "बाहेरून काही बसवलंय का?" असं विचारलं होतं, तुम्ही "सगळं कंपनीचं आहे" म्हणालात. तुम्हालाही ठाऊक नसेल, चिरंजीवांनी परस्पर बसवून घेतला असेल. आमचा आरोप नाही. पण ते आधी कळलं असतं तर तुमचा एक दिवस वाचला असता आणि आमचाही.

१,८०० रुपये वायर काढायचे नव्हते, कुठली काढायची ते शोधायचे होते. वडिलांच्या वेळेपासून गॅरेज आहे, पोटं त्यावरच चालतात. तो रिव्ह्यू वाचून परवा एकांनी ठरलेली गाडी आणली नाही, म्हणून एवढं लिहिलं.

यापुढे किती वेळ लागेल ते आधी नीट सांगायचा प्रयत्न करू, अ‍ॅपबद्दलही काहीतरी पाटी लावू.

अँप्लिफायरची ती वायर आम्ही टेप लावून मोकळी ठेवली आहे. म्युझिक हवं असेल तर ती एसीसी लाइनला, म्हणजे गाडी चालू असतानाच सप्लाय येणाऱ्या वायरला, जोडावी लागेल. आमच्याकडे आणलीत तर त्याची मजुरी घेणार नाही. फक्त त्या दिवशी अ‍ॅप उघडू नका.