पक्षी उलट्या प्रदक्षिणेला

नवऱ्याला पक्ष्यांचा नाद आणि मला देवळं-बाजारांचा, म्हणून युशू ठरलं, तिथे म्हणे दोन्ही मिळतं. मिळतं की, पण एकाच जागी एकाच वेळी मिळतं, तिथेच सगळा घोळ.

युशू म्हणजे जुनं ज्येकुंदो, चीनच्या छिंगहाई प्रांतातलं तिबेटी गाव. उंची 3,700 मीटरच्या आसपास, बुटाची लेस बांधली तरी धाप लागते. 2010 च्या भूकंपात बरंचसं गाव पडलं, त्यामुळे आता घरं कोरी आणि भक्ती जुनी. घड्याळं बीजिंगची, म्हणून ऑक्टोबरात सकाळी सातला धड उजाडलेलं पण नसतं, तरी ग्यानाक मणीभोवती म्हाताऱ्या माळ ओढत निघालेल्या. ग्यानाक मणी म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांची रास, रास कसली, भिंतच, संपतच नाही! प्रदक्षिणा आपल्यासारखीच, रास उजव्या हाताला.

दगडावर रेडस्टार्ट नावाचा छोटा पक्षी बसला होता, पांढरी टोपी, तांबडं पोट. नवऱ्याने कॅमेरा काढेपर्यंत उडाला आणि आमच्या मागे दहा पावलांवर जाऊन बसला. नवरा वळला तशी एका आजींनी त्याची बाही धरली, बोटाने हवेत गोल काढला आणि पुढे ढकललं. भाषा कळली नाही पण तो सूर माझ्या सासूबाईंचा, त्यामुळे तो मुकाट्याने चालायला लागला. दहा पावलांसाठी अख्खी फेरी! आजी आम्हाला ओलांडून गेल्या, वर परत मागून आल्या. पोचलो तर पक्षी आणखी मागे. त्याला कोण सांगणार.

मग आजींनी थर्मास काढला. याकच्या लोण्याचा खारट चहा, एक घोट घेतला की लगेच पेला काठोकाठ. नवऱ्याने हात मोकळे करायला गटकन संपवला, परत काठोकाठ. एका हातात पेला, दुसऱ्यात दुर्बीण, आणि डोक्यावरून लॅमरगायर, म्हणजे दाढीवालं मोठं गिधाड गेलं ते फक्त मी पाहिलं.

दुपारी गावाबाहेरच्या बातांगच्या गवतात मी धापा टाकत नुसती बसले होते, समोर ग्राउंड टिट नावाचा पक्षी टुणटुण उड्या मारत आला. नवऱ्याने लगेच लेक्चर दिलं की याला आधी कावळ्याच्या खानदानातला समजायचे, मग संशोधकांनी 2003 मधे टिट, म्हणजे रामगंगेच्या खानदानातला ठरवलं. म्हटलं बरं झालं, पण मला आधी श्वास घेऊ दे.

त्याला हवा तो तिबेटन बंटिंग, चिमणीसारखा पक्षी, मात्र आणखी वर, झुडपांत असतो. उद्या तो तिकडे जाणार. मी आजींबरोबर फेरीला, फक्त पेला मुद्दाम रूमवर विसरणार आहे.